परसातील कोंबड्यांचे रात्रीच्या व दिवसाच्या शत्रूंपासून संरक्षण

परसातील कोंबडी गेली की दोष सहसा मुंगसाच्या माथी मारला जातो. परंतु मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे, आणि रात्री बंद खुराड्यातून कोंबडी नाहीशी झाली असेल, तर रानमांजर, उदमांजर, कोल्हा किंवा भटके कुत्रे यांचा संशय आधी घ्यावा. खुराड्यातली पिल्ले एकेक करून कमी होत असतील आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती दिसत असेल, तर ते काम बहुधा घुशीचे असते. टरफलाचा मागमूसही न ठेवता अंडी नाहीशी झाली, तर सापाची शक्यता धरावी.

कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे रात्री तिची सारी भिस्त खुराड्यावर असते. बाजारात कोंबड्यांसाठी म्हणून मिळणारी पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मात्र कुत्रा ती फाडतो आणि लहान घूस तिच्या छिद्रातून आत शिरते. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि तिच्या कडा लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने आवळाव्यात. खुराडे दोन-अडीच फूट उंच पायांवर असावे. ते जमिनीवरच ठेवायचे असल्यास तळाला शहाबादी फरशी घालावी, किंवा जाळी बाहेरच्या अंगाला दीड फूट पसरून तिच्यावर दगड रचावेत, कारण उकरणारे जनावर भिंतीच्या बुडापासूनच सुरुवात करते. दाराला नुसती खिटी पुरत नाही. कडी-कोयंडा लावून त्यात खिळा अडकवावा. दाराखालच्या फटीत दोन बोटे जात असतील, तर ती फट त्याच दिवशी बुजवावी. माझ्या मते दिवे आणि बुजगावणी यांवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा जाळीवर घालावा, कारण जनावरे दिव्याला लवकरच सरावतात.

करवीर, हातकणंगले, शिरोळ या ऊसपट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेली जनावरे आडोसा गमावून वस्तीकडे सरकतात, म्हणून गळीत हंगामापूर्वीच खुराड्याची डागडुजी उरकावी. पंचगंगेला पूर आल्यावर बिळांत पाणी शिरते आणि घुशी व साप उंचवट्यावरच्या घरांकडे येतात, तेव्हा तळ आणि कोपरे रोज पाहावेत. पावसात लाकडी चौकट खालून कुजते, हेही ध्यानात असावे.

दिवसा घार, शिक्रा आणि कावळा यांचा डोळा मुख्यतः पिल्लांवर असतो. पहिले दीड-दोन महिने पिल्ले आईसह डालग्याखाली किंवा वरून जाळी ताणलेल्या जागेत ठेवावीत. मोठ्या कोंबड्यांना लपण्यासाठी परसात जास्वंद, अडुळसा यांसारखी दाट झुडपे असू द्यावीत. मात्र खुराड्यालगतचे गवत काढून टाकावे, कारण मुंगूस त्याच्याच आडून येतो. कळपात एक जाणता कोंबडा असल्यास तो घार दिसताच इशारा देतो. तिन्हीसांजेपूर्वी मूठभर दाणे टाकून कोंबड्या मोजून आत घ्याव्यात आणि अंडी रात्रभर खुराड्यात राहू देऊ नयेत.

विष, फासे किंवा विजेच्या उघड्या तारा कधीही वापरू नयेत; 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, कोल्हा व रानमांजर यांना संरक्षण आहे, आणि अशा तारेला घरातलेच माणूस चिकटू शकते. खुराड्यात साप आढळल्यास हात न घालता दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.