लॅमिनेट: शब्दाचा अर्थ आणि पत्रा चिकटवायची रीत

लॅटिनमध्ये ‘लॅमिना’ म्हणजे पातळ पत्रा, पापुद्रा. असे पापुद्रे एकमेकांना कायमचे जोडले की लॅमिनेट तयार होते. झेरॉक्सच्या दुकानात ओळखपत्रावर चढणारे प्लास्टिक हे लॅमिनेशनच, आणि गाडीची पुढची काचही लॅमिनेटेडच: दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, म्हणून फुटली तरी तुकडे त्यालाच धरून राहतात.

सुतारकामात मात्र लॅमिनेट म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तो पत्रा. सनमायका हे मुळात एका ब्रँडचे नाव. आत फिनॉलिक राळेत (राळ म्हणजे उष्णतेने घट्ट होणारे कृत्रिम रेझिन) भिजवलेले क्राफ्ट म्हणजे मजबूत तपकिरी कागद, वर मेलामाइन या दुसऱ्या राळेतला नक्षीचा कागद, आणि हे सगळे उष्णतेने व प्रचंड दाबाने एकजीव केलेले. दुकानात नुसते ‘सनमायका द्या’ म्हणू नका, जाडी सांगा. बाहेरच्या बाजूला १ मिमी, कपाटाच्या आत लायनर, म्हणजे पातळ, साधा पत्रा. ८ बाय ४ फुटांचा पत्रा ३२ चौरस फूट भरतो.

पत्रा प्लायपेक्षा चारही बाजूंनी ३-४ मिमी मोठा कापा. नक्षीच्या बाजूने मायका कटरने तीन-चार वेळा खोल रेघ मारा आणि नक्षीच्याच बाजूला वर उचलून मोडा. उलट मोडलात तर कडेचे टवके उडतात. प्लाय कोरडा हवा, पॉलिश पेपर मारून धूळ पुसलेला. पांढरा गोंद दातेरी पट्टीने सारखा पसरा. पत्रा ठेवून मधून कडांकडे दाबत जा. कडांपासून सुरुवात केली की हवा आत कोंडते आणि फुगा येतो. वर सपाट फळी, तिच्यावर वजन, आणि रात्रभर हात लावू नका. कडेची जादा पट्टी दुसऱ्या दिवशीच कानशीने उतरवा, कानस नेहमी नक्षीकडून प्लायकडे ढकलत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दाराच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावणे. उघडी बाजू दमट हवेत ओलावा घेते, बंद बाजू घेत नाही, आणि दाराला बाक येतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. मागे लायनर लावाच, पैसे वाचवायचे असतील तर नक्षीत वाचवा. सिंकसाठी भोक पाडताना कोपरे काटकोनात कापू नका. आधी कोपऱ्यात ड्रिलने गोल भोक घ्या, नाहीतर तिथूनच तडा जातो.