समुद्राकाठी जागा घेताय? मराठवाड्यातून जाणाऱ्यांच्या या चुका टाळा

नागपूर-रत्नागिरी महामार्ग नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर करत सरळ किनाऱ्यावर उतरतो. त्यामुळे लातूर-धाराशिवकडची मंडळी हल्ली गणपतीपुळ्याला दर्शनाला जातात आणि येताना खिशात सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन येतात. हौस चांगली आहे. पण रान बघायची आपली नजर काळ्या मातीवर तयार झालेली असते. एक नाहीतर दोन भावांच्या नावचा सातबारा, चारही बाजूंनी बांध, पाणी नाही लागलं तर आणखी शंभर फूट बोअर. किनाऱ्यावर यातलं काहीच चालत नाही.

आधी गावाची ठेवण समजून घ्या. समुद्राकडून वर चढत गेलं की पहिल्यांदा पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. त्यामागे माड-पोफळीच्या वाड्या आणि दाटीवाटीची घरं. मग भाताचे मळे, आणि खाडी असेल तर भरतीचं पाणी शिरणारं खाजण. त्यावर आंब्याचा उतार आणि सगळ्यात वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. एकाच गावात या प्रत्येक पट्ट्याचा भाव, पाणी आणि कायदा वेगळा असतो. "गावात गुंठ्याचा भाव काय चाललाय?" हा प्रश्नच म्हणून चुकीचा. कोणत्या पट्ट्यातला, ते आधी विचारायचं.

दोन 200 मीटरची गल्लत

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. एजंट म्हणतो, "दोनशे मीटरच्या आत आहे, एनएची (अकृषिक परवान्याची) कटकट नाही." महसूल अधिनियमाच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक मानण्याची सोय आहे, हे खरं. पण किनाऱ्यावर दुसरे 200 मीटर असतात. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार, 2011 च्या जनगणनेत लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटर हा ना-विकास पट्टा आहे. तिथे शेती-बागायत करा, असलेलं अधिकृत घर दुरुस्त करा. नवा बंगला नाही. किनाऱ्यावरची बहुतेक खेडी याच वर्गात बसतात. पहिले 200 मीटर सवलतीचे, दुसरे बंदीचे. दोन्ही एकाच गटावर पडले तर बंदी जिंकते.

त्यापुढे 200 ते 500 मीटरमध्ये तरी मोकळं रान आहे का? नाही. तिथली घरबांधणी जुन्या गावठाणांच्या आणि कोळीवाड्यांच्या पारंपरिक हक्कांना धरून आहे. तळमजला अधिक एक, उंची 9 मीटरपर्यंत. बाहेरून आलेल्याने सातबारा दाखवून हक्क सांगायची ही जागा नव्हे. खाडीकाठी पट्टा लहान होतो: 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यात जे कमी ते. मात्र कांदळवन, म्हणजे खारफुटी, लागलं की विषय संपला.

भरतीरेषा म्हणजे वाळूवर दिसणारी ओली रेघ नव्हे. ती मंजूर किनारा नकाशावर आखलेली असते. गट नंबर त्या नकाशावर बसवून घ्या, आणि नकाशा 2011 चा लागू आहे की 2019 चा, हे लेखी विचारा. टेप घेऊन पुळणीवर फिरण्यात अर्थ नाही.

एका सातबाऱ्यावर तीस नावं

आपल्याकडे चार नावं दिसली तरी वकील भुवया उंचावतो. कोकणात पाव एकराच्या हिश्शावर वीस-तीस नावं सहज निघतात. निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारसनोंद झालेलीच नाही, आणि हिस्सा आणे-पैत लिहिलेला. त्यातला एक जण "माझा हिस्सा देतो" म्हणतो, खरेदीखत नोंदलंही जातं. तुमच्या हातात येतो तो कागदावरचा अविभक्त हिस्सा. नेमका कोणता तुकडा, हे कुणीच सांगू शकत नाही.

हे टाळायचं तर क्रम बदला. आधी सगळ्या सहहिस्सेदारांची संमती आणि महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली वाटप. मग पोटहिस्सा मोजणी, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात, आणि शेवटी खरेदी. विकणारा म्हणेल, मोजणीला वेळ लागतो. लागू द्या. विसार देताना करारात लिहा की वाटप होऊन स्वतंत्र सातबारा निघाल्यावरच बाकी रक्कम.

सातबाऱ्याचं 'इतर हक्क' हे सदर तर शब्दशः वाचा. तिथे कुळाचं नाव सापडू शकतं. आंबा-फणसाची झाडं जमीनमालकाची नसून तिसऱ्याचीच असल्याची नोंदही असते. जमीन तुमची, झाडावरची फळं दुसऱ्याची. 'खाजगी वन' किंवा 'वनसंज्ञा' दिसलं तर तिथेच थांबा. कलम 43 चा शेरा असेल, म्हणजे कुळाला मिळालेली जमीन असेल, तर 32-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) 10 वर्षं झाली का आणि आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या आकारणीच्या, 40 पट नजराणा भरला का, ते बघा. एक लक्षात असू द्या: मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळकायदा, कोकणात 1948 चा मुंबई कुळकायदा. कलमांचे आकडे जुळत नाहीत. लातूरच्या वकिलाने नुसत्या सवयीने वाचलेला शोध अहवाल इथे पुरत नाही. तालुक्यातलाच वकील गाठा. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून मात्र आपला मराठवाड्यातला सातबारा चालतो.

एक-दोन गुंठ्यांचे 'सी व्ह्यू प्लॉट' शेतजमिनीत पाडून दहा-बारा जणांना एकत्र खरेदी दिली जाते, तो प्रकार वरच्याच रोगाचा नवा अवतार आहे.

बोअर पाडू की

कोकणात पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून पाण्याचं कुणी विचारतच नाही. जांभा चाळणीसारखा असतो. पाणी मुरतं आणि उताराने समुद्रात जातं. सड्यावरच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ दाखवतात. जागा ऑगस्टमध्ये पाहून व्यवहार करू नका, मेच्या तिसऱ्या आठवड्यात जा.

किनाऱ्याच्या वाळूपट्ट्यात उलट अडचण. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी एक फूट उतरली की खालचं खारं पाणी साधारण 40 फूट वर सरकू पाहतं. म्हणून इथे खोल बोअर म्हणजे स्वतःच्या हाताने समुद्र घरात आणणं. विहीर उथळ आणि रुंद हवी, मोटर लहान.

तपासणी सोपी आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घ्या. मोटर सुरू करताना एक मोजणी, तासाभराने दुसरी. आकडा चढत गेला तर विहीर खारं पाणी ओढतेय. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. विहिरीची पातळी दोरीने मोजून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती भरली ते बघा.

वाट आणि बांधकाम

दगडी पायऱ्यांची पाखाडी हा रस्ता नव्हे. चिऱ्यांची (जांभ्याच्या घडीव दगडांची) गाडी जागेपर्यंत जायला किमान दहा फुटांची वाट लागते, आणि ती शेजाऱ्याच्या हिश्शातून असेल तर तोंडी "जा की" चालत नाही. रुंदी आणि गट नंबरसह खरेदीखतात लिहून घ्या, शेजाऱ्याची सही घ्या.

गावाकडचा गुत्तेदार नेलात तर तो सवयीने सळईवर जेमतेम पाऊण इंच कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवील. खाऱ्या हवेत काही वर्षांतच सळई फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे निघतात. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेसाठी एम 30 काँक्रीट आणि 45 मिलिमीटर कव्हर सांगतं. वाळू नदीची किंवा क्रशरची, किनाऱ्यावरची अजिबात नको. सपाट गच्चीपेक्षा उतरतं छप्पर बरं.

प्रकल्पाच्या बातमीवर खरेदी

राजापूर तालुक्यात नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना 2017 मध्ये निघाली, 2019 मध्ये रद्द झाली. मोबदल्याच्या आशेने जमीन घेतली असेल तर पुढे काय, हे एजंटाला विचारा. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवर सध्या तेच चाललंय. किनारी खेड्यात फेरविक्रीचं गिऱ्हाईक मुळात थोडं. कागद अपुरे असतील तर तेही परत जातं.

चूक होऊन गेली असेल तर

अविभक्त हिस्सा घेतला असेल तर त्यावर बांधकाम सुरू करू नका, ते पाडायची वेळ येते. सहहिस्सेदार तयार असतील तर तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज, नसतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 घेणाऱ्याला तो हक्क देतं, पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात घुसायचा देत नाही. जमीन ना-विकास पट्ट्यात निघाली तर माडाची वाडी लावा. विहीर खारी झाली असेल तर मोटर बंद करून एक पावसाळा जाऊ द्या, आणि मग दिवसातून दोनदा थोडं थोडं उपसून मीटर लावत राहा.