लाकडी चॉपिंग बोर्डला कोणतं तेल लावावं, माझा अनुभव

लातूरला एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर जातो, त्यात आमचा सागवानी चॉपिंग बोर्ड पार सुकून पांढरट पडला. शेंगदाण्याचं तेल घरात होतंच पण ते वाळत नाही, लाकडात राहून खवट होतं अन् वास कापलेल्या कांद्या-काकडीला लागतो, म्हणून घाण्यावरून कच्चं जवसाचं तेल आणलं, ते हवेनं हळूहळू वाळून घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड (तेही जवसाचंच तेल) मात्र अजिबात घेऊ नका, त्यात लवकर वाळायला धातूंची संयुगं (ड्रायर) टाकलेली असतात. बोर्ड धुऊन उभा ठेवून खडखडीत वाळवला, बारीक पॉलिश पेपर मारला, सुती चिंधीनं पातळ हात दिला, अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल सगळं पुसून काढलं (नाहीतर चिकट थर बसतो), मग आठवडाभर वाळू देऊन दुसरा हात. आता पाण्याचा थेंब पसरत नाही, मण्यासारखा वर उभा राहतो!

अन् तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका बरं का, वाळताना ती आपोआप तापते, पेट पण घेऊ शकते, पाण्यात भिजवूनच टाका. एवढं थांबायचं नसेल तर मेडिकलमधलं साधं लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) चालतं, खवट होत नाही, फक्त अधूनमधून पुन्हा लावावं लागतं.