आधी सांगू द्या, मग लिहू द्या

अमळनेर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथी एकाच खोलीत शिकवते. यंदा पटावर 26 मुलं आहेत. बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलतात, सालदारकीसाठी, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतमजुरीसाठी, सातपुड्यातून आलेल्या तीन घरांत पावरी. या मुलांकडून लिहून घेताना जे जमलं आणि जे चुकलं, ते इथे सविस्तर सांगते. तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या कुणालाही उद्यापासून करून बघता येईल.

सुरुवात एका निबंधापासून झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर ‘माझी आई’ असा विषय लिहिला. संध्याकाळी वह्या तपासायला बसले, तर सगळ्या वह्यांत एकच बाई. ती सकाळी लवकर उठते, सर्वांची काळजी घेते आणि मला खूप आवडते. नाव तेवढं वेगळं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खिचडी खाताना चौथीतली एक मुलगी सहज म्हणाली, ‘‘मॅडम, कापूस वेचायचे दिवस आले की आमच्या घरी कणीक मी मळते. बोंडाची टोकं टोचून आईच्या बोटांना चिरा पडतात, मीठ लागलं की चुरचुरतं.’’ मी विचारलं, हे काल का नाही लिहिलंस? ती खरोखर गोंधळली. म्हणाली, ‘‘हे निबंधात लिहितात का?’’

तेव्हापासून माझी सगळी धडपड त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं देण्यासाठी चालली आहे.

जून-जुलैत मी काहीच लिहून घेत नाही. परिपाठ झाला की दहा मिनिटं सतरंजीवर गोल बसायचं आणि सांगायचं. प्रश्न लहान हवा, आजचा हवा. ‘सुट्टीत काय मजा केली?’ असं विचारलं की मुलं मजाच शोधत बसतात, आणि ज्याच्या घरी मजा झाली नाही तो गप्प होतो. त्यापेक्षा विचारा: आज शाळेत येताना रस्त्यात कालच्यापेक्षा वेगळं काय दिसलं? रात्री झोपताना शेवटचा आवाज कशाचा आला? घरात कुठल्या वस्तूला हात लावायची तुम्हाला मनाई आहे? पहिलं उत्तर शिक्षकाने स्वतः द्यायचं, आणि ते खरं द्यायचं. माझ्या वडिलांच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, हे मी सांगितलं त्या दिवशी सात मुलांनी आपल्या घरातल्या बांधलेल्या, चिकटवलेल्या, तार गुंडाळलेल्या वस्तू सांगितल्या. मूल बोलत असताना मधे शिकवू नका. ‘मग?’ आणि ‘कसं दिसत होतं?’ एवढे दोनच प्रश्न पुरतात.

ऑगस्टपासून मी त्यांची वाक्यं लिहून घेते. तिसरीतल्या निम्म्या मुलांचा हात अजून अक्षरांत अडकलेला असतो, डोक्यातली गोष्ट मात्र पुढे धावत असते. हात आणि गोष्ट एकाच वेळी सांभाळायला लावलं की मूल गोष्ट सोडून देतं. म्हणून मूल सांगतं आणि मी फळ्यावर लिहिते, त्याने सांगितलं तसंच. ‘मन्ही माय वावरमा गयी’ असं तो म्हणाला तर फळ्यावर तेच येतं. ‘माझी आई शेतात गेली’ असं मी मनातल्या मनात बदलून घेत नाही. आपलं बोलणं फळ्यावर उमटलेलं पाहताना मुलाचा चेहरा कसा होतो, ते एकदा बघाच. मग सगळा वर्ग ते वाक्य पुस्तकी मराठीत कसं होईल ते ठरवतो आणि दुसरं वाक्य पहिल्याखाली लिहितो. पहिलं पुसायचं नाही. पावरी मुलं बोलतात तेव्हा मला नेहमी शब्द विचारून घ्यावा लागतो, आणि त्या पाच मिनिटांत ती माझी शिक्षक असतात.

काही पालक येऊन म्हणतात, शाळेत तरी शुद्ध शिकवा. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींची आठवण देते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ते कागदावर उतरवून घेतलं, आणि बहिणाबाई गेल्यानंतर, 1952 साली, ते पुस्तकरूपाने बाहेर आलं. उतरवून घेणाऱ्यांनी त्यांची बोली बदलली असती तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं स्वतः लिहू लागतात. मंगळवार आणि शुक्रवार, मधल्या सुट्टीनंतरचा तास. लिहायला वही देत नाही, कारण वही म्हणजे तपासणी हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. ओळखीच्या कार्यालयांतून पाठकोरे कागद आणते आणि आठ-आठ पानांना टाचणी मारून देते. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगते. पूर्वी लिहिण्याचा निम्मा वेळ खोडण्यात जायचा आणि कागदाला भोक पडलं की रडू यायचं. आता चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं.

विषय जितका अरुंद, तितकं लिखाण खोल जातं. ‘माझी आई’ऐवजी मी ‘आईचे हात’ देते. ‘पावसाळा’ काढून टाकला, त्याजागी ‘आमच्या घरात पाणी कुठून गळतं’ हा विषय आला. ‘माझा आवडता सण’ नको, ‘आखाजीच्या झोक्यावरून काय दिसतं’ द्या. ‘माझी शाळा’ नको, ‘हातपंपापाशी’ द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी फक्त एवढंच विचारते: बैलाच्या शिंगांना रंग कुणी लावला, आणि तेव्हा बैल काय करत होता?

लिहिण्याची वेळ बारा मिनिटं. त्या वेळात मीही खाली बसून लिहिते. हे फार महत्त्वाचं आहे. आपण वर्गात फेऱ्या मारत वाकून बघत राहिलो की मुलं हाताने कागद झाकतात. दरवर्षी दोन-तीन मुलं मात्र कोऱ्या कागदाकडे बघत बसतात. त्यांच्याजवळ जाऊन मी हळू म्हणते, ‘‘पहिलं वाक्य माझ्या कानात सांग.’’ त्याने सांगितलं की तेच वाक्य मी त्याच्या कानात परत म्हणते. बस्स, तो लिहायला लागतो. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते लिहिण्याजोगं आहे याची खात्री पटत असावी. तरीही जमलं नाही, तर आधी चित्र काढू द्या आणि चित्रात काय काय आहे त्याची नावं लिहू द्या.

आता वाचन, आणि माझ्या मते सगळा जीव इथे आहे. लिहिणारं मूल उभं राहून वाचतं. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही, टाळ्याही लगेच वाजवायच्या नाहीत. दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं आणि मला काय विचारायचंय. मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने दोन वाक्यं वाचली: ‘आमची शेळी मेली. मला वाईट वाटलं.’ वर्ग क्षणभर गप्प होता. मग प्रश्न सुरू झाले. कुठल्या रंगाची होती? तिला कुठे नेलं? कुणी नेलं? तिच्या पिल्लाचं काय झालं? तो एकेक उत्तर देत गेला. मी त्याला म्हटलं, आता हेच लिही. शुक्रवारी त्याने आणलं ते असं होतं:

‘आमची शेळी मेली. बाबांनी तिला नाल्यापलीकडे पुरलं. दोरी खुंटीला तशीच आहे. पिल्लू दोरीजवळ झोपतं.’

‘वाईट वाटलं’ हे वाक्य त्याने स्वतःच काढलं होतं. का काढलंस, असं एका मुलीने विचारलं. तो म्हणाला, आता ते कळतं. आठ वर्षांच्या मुलाला हे मी कधी शिकवलं नव्हतं, आणि व्याख्यान देऊन शिकवताही आलं नसतं. त्याच्या वर्गमित्रांच्या प्रश्नांनी ते त्याच्याकडून करून घेतलं. म्हणून एका तासात तीनच मुलांना वाचू द्या, पण प्रत्येकाला पुरेसा वेळ द्या. यादी ठेवा, म्हणजे पाच आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते आणि धीट मुलंच पुन्हा पुन्हा उभी राहत नाहीत.

शुद्धलेखनाचं काय, हा प्रश्न आमच्या शाळांच्या केंद्रातल्या प्रत्येक बैठकीत येतो. शुद्धलेखन मीही शिकवते, मनापासून शिकवते, फक्त पहिल्या कागदावर लाल पेन लावत नाही. पंधरवड्याला एकच गोष्ट घेते. एकदा अनुस्वार, एकदा शब्दाच्या शेवटची दीर्घ वेलांटी. आमच्याकडे ‘पानी’ आणि ‘लोनी’ लिहिणारी मुलं खूप, कारण घरी तोच उच्चार आहे. त्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. घरी पानी, पुस्तकात पाणी, अशी जोडी करून ती भिंतीवर लावली की मुलं स्वतःहून नव्या जोड्या शोधून आणतात. जो मजकूर सगळ्यांनी वाचायचा आहे, तोच सुवाच्य आणि शुद्ध करायचा. कारण समोर वाचणारा असतो, म्हणून तेवढे कष्ट मुलं आनंदाने घेतात.

कल्पनेच्या गोष्टींना मुलं फार उत्सुक असतात, पण सुरुवातीला सगळं छोटा भीमच असतं. मी त्याला अडवत नाही. एवढंच विचारते, तो आपल्या गावात आला तर कुठल्या ओट्यावर बसेल, आणि त्याला पहिल्यांदा कोण हटकेल? त्याशिवाय इटलीतले बालसाहित्यिक जियानी रोदारी यांची एक युक्ती आमच्याकडे वर्षभर चालते. ते स्वतः काही काळ प्राथमिक शिक्षक होते. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांना एका गोष्टीत गाठायचं. आम्ही बिस्किटांच्या दोन रिकाम्या डब्यांत चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. एकदा ‘विहीर’ आणि ‘मोबाइल’ निघाले. एका मुलीने लिहिलं की विहिरीत पडलेला मोबाइल रोज रात्री वाजतो, बेडूक तो उचलतो आणि म्हणतो, ‘मालक अजून वर आहेत, पाणी आटलं की घ्यायला येतील.’ मे महिन्यात आमच्याकडे विहिरी आटतात. गोष्ट खोटी असली तरी तिच्या पायाखालची माती गावचीच होती.

कवितेबद्दल एकच सूचना: पहिले दोन महिने यमक बंद. यमकाच्या मागे लागलं की ससा आला, म्हणून कसा आला, आणि सांगायचं ते राहून जातं. आधी कोडी रचायला द्या. वस्तूचं नाव न घेता ती दाखवायची. ‘दिवसभर घरभर फिरते, रात्री दाराआड उभी राहते’ ही आमच्या वर्गातली केरसुणी आहे.

एक गोष्ट जपून करा. मुलं खरं लिहायला लागली की घरातलंही लिहितात, दारू, मार, कर्ज सगळं. काही वर्षांपूर्वी एका मुलीने सावकाराबद्दल लिहिलेलं मी न विचारता वर्गात वाचून दाखवलं. मला ते चांगलं वाटलं होतं. तिने पुढचे तीन आठवडे एक अक्षर लिहिलं नाही, आणि तिची आई मला रस्त्यात भेटली तेव्हा मान खाली घालून गेली. मी दोघींची माफी मागितली. तेव्हापासून नियम आहे: पान दुमडलं की ते फक्त मॅडमचं. दुमडलेलं पान मी वाचते, खाली दोन ओळी लिहून परत देते, कुणाला दाखवत नाही. अपवाद एकच, आणि तो मुलांना आधीच सांगून ठेवलेला आहे: कुणी तुम्हाला इजा करत असेल तर मी गप्प बसणार नाही. मुख्याध्यापकांशी बोलायचं आणि गरज पडली तर 1098 या चाइल्डलाइनला फोन करायचा, हे शिक्षकाने स्वतःच्या मनाशी पक्कं ठरवूनच असं लिखाण सुरू करावं.

फेब्रुवारीत आम्ही हस्तलिखित काढतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. रोज! आम्ही वर्षातून एकच अंक काढतो, पण त्यात 26 मुलांची 26 पानं असतात. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ज्याला दोन ओळीच जमल्या, त्याच्या दोन ओळी संपूर्ण पानावर मधोमध येतात.

मग अंक घरोघर जातो, एका घरी एक रात्र. मूल घरच्यांना तो वाचून दाखवतं. यंदा चौथीतल्या एका मुलाने ‘आमची विहीर फार जुनी आहे’ असं लिहिलं होतं. त्याच्या आजीने ते ऐकलं आणि म्हणाली, जुनी कशाची, 72च्या दुष्काळात खणली, मी त्या मातीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्यात, आणि खायला सुकडी मिळायची. नातवाने लगेच कागद घेतला आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं, अहिराणीत. सकाळी तो अंकासोबत ते जास्तीचं पान घेऊन आला. खाली आजीचा अंगठा उमटवलेला होता. आता अंक पुढच्या घरी पाठवताना मी त्यात दोन कोरी पानं आणि एक पेन्सिल ठेवते.