जुन्या बुलेटच्या इंजिनातील टकटक : निदान करताना या चुका टाळा

रॉयल एन्फिल्डची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350 अजूनही अनेक घरांत नियमित वापरात आहे. 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक आणि 346 घनसेंटिमीटर क्षमतेच्या या पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब सळ्यांच्या) इंजिनातून थोडी टिकटिक ऐकू येणे स्वाभाविक आहे, किंबहुना ज्या जुन्या बुलेटचे टॅपेट (कॅमचा धक्का पुशरॉडला देणारे भाग) अजिबात वाजत नाहीत तिच्याकडेच मी अधिक संशयाने पाहतो. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा नवा आवाज ऐकू येताच तो कोठून आणि कोणत्या स्थितीत येतो हे न पाहता मालक गॅरेजमध्ये जाऊन “टॅपेट जरा टाईट करून द्या” असे सांगतो.

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. टॅपेट गरजेपेक्षा अधिक आवळले की आवाज थांबतो, आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला स्वतःची उष्णता सीटमार्फत हेडला देण्यासाठी तो सीटवर टेकलेला असतो तेवढाच वेळ मिळत असतो. तो हिरावला गेल्यावर व्हॉल्व्हची कड जळू लागते, कॉम्प्रेशन कमी होते, किक हलकी लागते आणि गाडी उशिरा सुरू होऊ लागते. हे सारे घडायला काही आठवडे लागत असल्यामुळे मूळ कारण कोणाच्या लक्षातही येत नाही.

या इंजिनाचे टॅपेट पूर्ण थंड अवस्थेतच जुळवावेत, कारण तापलेल्या इंजिनात सिलिंडर, हेड आणि पुशरॉड यांचे प्रसरण सारखे नसते आणि हाताला लागणारा अंदाज फसवा ठरतो. प्लग काढून किकने इंजिन हळूहळू फिरवावे, इनटेक व्हॉल्व्ह उघडून बंद झाल्यानंतर पिस्टन वर येईल तेथे थांबावे. ही कॉम्प्रेशन स्ट्रोकची वरची स्थिती होय. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही पिस्टन वरच असतो, पण तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले नसतात. घाईत नेमकी तीच स्थिती पकडली जाते आणि सगळे मोजमाप चुकते. सिलिंडरच्या बुडाशी असलेले टॅपेट कव्हर काढून पुशरॉडच्या खालच्या टोकाचे नट असे जुळवावेत, की पुशरॉड बोटांनी मोकळा फिरेल, मात्र वर-खाली हलणार नाही. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा फिरवून पाहावे, कारण आवळताना जुळणी सरकते. डीकॉम्प्रेसरची (किक सोपी व्हावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणाऱ्या खटक्याची) केबल सतत ताणलेली नाही, ती थोडी सैल आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

टॅपेट बरोबर असूनही टिकटिक राहिली तर पुढचा संशय सायलेन्सरच्या बेंड पाइपवर घ्यावा. हेडच्या एक्झॉस्ट पोर्टशी हा पाइप सैल झाला की बाहेर फुटणाऱ्या प्रत्येक धक्क्याचा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो. थंड इंजिनावर ॲक्सिलरेटर दिल्यावर तो वाढतो आणि सांध्याभोवती काजळीचा काळा डाग दिसतो. पाच मिनिटांचे हे काम न केल्यामुळे हेड उतरवले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

जड, खोल ठकठकीच्या बाबतीत अधिक सबुरी हवी, कारण येथे चुकीच्या निदानाची किंमत फुल इंजिनाच्या कामाइतकी असते. “बिग एंड गेला” (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा सांधा झिजला) हा निकाल ऐकताच इंजिन उतरवू देऊ नये. आधी डाव्या बाजूचे प्रायमरी कव्हर (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचे झाकण) उघडावे. क्रँकच्या टोकावर बसवलेल्या अल्टरनेटरच्या रोटरचा नट सैल झाला, तर रोटर चावीवर खेळू लागतो आणि बिग एंडसारखाच ठोका देतो. रोटर स्टेटरला घासत असेल, तर त्याच्या चकचकीत खुणा दिसतात. प्रायमरी चेन ढिली पडून कव्हरच्या आतून आपटत असल्यास तिच्या वरच्या बाजूला मध्यभागी साधारण 6 मिलिमीटर खेळ राहील इतका ताण द्यावा. चेन फिरवून सर्वांत ताठ जागी हे मोजावे, अन्यथा ती जागा आली की बेअरिंगवर ओढ बसते.

हे सर्व ठीक असेल, तर आवाज कधी येतो याकडे लक्ष द्यावे. थंड इंजिनात येणारा आणि तापल्यावर विरणारा पोकळ ठोका बहुधा पिस्टनचा असतो. तो वाढत नसेल आणि गाडी तेल जाळत नसेल, तर बोअर-पिस्टनच्या कामाची घाई नको. याउलट, तेल तापून पातळ झाल्यावर वाढणारा आणि एकाच वेगात ॲक्सिलरेटर किंचित कमी-जास्त करताना उमटणारा जड ठोका बिग एंडकडे बोट दाखवतो. तसा ठोका ऐकल्यावर गाडी चालवत घरी नेऊ नये. सिलिंडर उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडा खेळ चालतो, वर-खाली मात्र जाणवण्याइतकाही चालत नाही.

घाटात, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर येणारी टणटण हा निराळा आवाज आहे. खंबाटकीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये डुगडुगत जाण्याची हौस अनेकांना असते आणि ती या इंजिनाच्या बिग एंडला अतिशय जाचक आहे. गिअर खाली घेताच आवाज गेला, तर पॉइंटचे (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचे) अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर आहे का ते पाहावे, मग इग्निशन टायमिंग आणि ऑटो ॲडव्हान्सच्या (वेगानुसार ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा तपासाव्यात. थकलेल्या स्प्रिंगांमुळे ठिणगी वेळेआधी पडते.

आता तेलाविषयी. या इंजिनाचा बिग एंड फ्लोटिंग बुशचा (रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये मोकळ्या फिरणाऱ्या कड्याचा) आहे आणि त्याला तेलाचा पुरवठा क्षणभरही खंडित झालेला सोसत नाही. गाडी काही आठवडे उभी राहिली की तेल टाकीच्या कप्प्यातून क्रँककेसमध्ये उतरते, डिपस्टिक कोरडी दिसते आणि मालक वरून तेल ओततो. त्यामुळे पातळी गाडी काही मिनिटे चालवल्यानंतरच पाहावी. दुसरा गैरसमज असा, की रॉकरकडे (हेडमधील व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) तेल येत असल्यास सगळीकडे येत असणार. रॉकरचे तेल रिटर्न पंपाच्या बाजूने येते. बिग एंडचा पुरवठा वेगळा तपासावा लागतो, त्यासाठी इंजिन संथ चालू ठेवून टायमिंग कव्हरवरील दोन पंपांच्या मधला फीड प्लग किंचित सैल करून तेल झिरपते का ते पाहतात. कव्हर उघडले असेल, तर क्विल बोल्टचा (क्रँकमध्ये तेल सोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) कॉर्क वॉशर नवा घालावा आणि फिल्टरच्या वाट्या व स्प्रिंग मूळ क्रमानेच बसवाव्यात. येथला हलगर्जीपणा बाहेरून दिसत नाही, पण क्रँकला तेल कमी पडते.

20डब्ल्यू-50 ऐवजी आणखी जाड तेल किंवा आवाज दाबणारे रसायन घालणे म्हणजे निदानाचा एकमेव सुगावा पुसून टाकणे होय. गाडी विकणारे हे करतात, म्हणून जुनी बुलेट घेताना ती पूर्ण तापवून मगच ऐकावी.

2009 च्या सुमारास आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) पुशरॉड इंजिनाच्या मालकांनी वरील टॅपेटची कृती वापरू नये. त्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात. सुरू केल्यावर काही सेकंद येणारी टिकटिक त्यांत तेल भरेपर्यंत चालते. ती तापल्यानंतरही टिकून राहिली, तर तेलाची पातळी, प्रत आणि दाब या क्रमाने तपासावे.

आवाजाची जागा शोधण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्यावा, किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हेड, टायमिंग कव्हर आणि प्रायमरी कव्हर यांवर आळीपाळीने टेकवून मूठ कानाशी धरावी. सैल कपडे आवरून घ्यावेत आणि हे काम बंद खोलीत करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बिग एंड खरोखरच बदलावा लागला, तर तेलाच्या वाहिन्या, क्रँककेसचा तेलाचा कप्पा आणि दोन्ही पंप स्वच्छ धुतल्याशिवाय इंजिन जोडू देऊ नये. जुन्या बुशचे कण तेथेच साठलेले असतात आणि नव्या बुशपर्यंत सर्वप्रथम तेच पोहोचतात.