आर्ट कॉलेजचं पहिलं वर्ष: सबमिशनच्या आदल्या रात्री रडायचं नसेल तर वाचा

शाळेतल्या इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला ए ग्रेड होती म्हणून मी पहिल्या वर्षी जरा हवेतच होते, आणि पहिल्याच डिझाइनच्या शीटवर सरांनी फक्त "पॅच" एवढंच म्हटलं आणि पुढच्या बोर्डकडे गेले. तर आधी पॅचचंच बोलू, म्हणजे रंग एकसारखा न बसता डाग दिसणं, कारण फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला, निम्मं रडणं त्याचंच असतं.

पोस्टर कलर फ्लॅट, म्हणजे सगळीकडे एकसारखा, लावायचा तर रंग ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ पाहिजे. शेड लागेल त्याच्या दुप्पट बनवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, कारण अर्ध्यात संपली की तीच शेड परत बनत नाही, म्हणजे नाहीच बनत. आधी वेगळ्या कागदावर लावून वाळू द्या, ओली असताना दिसते ती शेड वाळल्यावर नसते. पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळला की दुसरा उभा. मध्येच "इथे जरा कमी पडलाय" म्हणून ओल्यात ब्रश घातलात की गेलं, डाग पडलाच. आणि फ्लॅट ब्रशवर पैसे खर्च करा, बाकी सामान स्वस्तातलं चालतं.

स्केचिंगचं म्हणाल तर घरी बसून होत नाही. मी डोंबिवलीहून यायचे, सीएसएमटीला उतरलं की समोरच 1857 सालचं जेजे स्कूल ऑफ आर्ट, त्यामुळे त्या स्टेशनवर कायम कुणी ना कुणी पोरं पॅड घेऊन बसलेली दिसायची. सुरुवात झोपलेल्या माणसांपासून करा, ती हलत नाहीत. मग मोबाइलवाले, ते पण फारसे हलत नाहीत. हमाल आणि भेळवाले नंतर. पेन्सिल नको, साधं बॉलपेन घ्या, खोडता येत नाही म्हणून हात आपोआप नीट बघायला लागतो. अर्ध्या मिनिटात मान, खांदे, कंबर कुठे झुकलीय तेवढंच पकडायचं, चेहरा नाही जमला तरी चालतं. कुणी रागावून बघितलं तर वही दाखवायची, बहुतेक लोक खूश होतात आणि मग "माझं नाक एवढं मोठं आहे का" विचारतात.

शनिवारी वेळ असेल तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये जा, तिकीट नाही, आणि चित्राच्या इतकं जवळ जाता येतं की ब्रश कुठून कुठे फिरलाय ते दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शीट न्यायची कशी. कॉलेज सुरू होतं पावसाळ्यात. माझी पहिली फायनल शीट मी गुंडाळून नळीत घातली, पाण्यापासून वाचली पण उघडली तर जाड पोस्टर कलरला सगळीकडे तडे! तर पोस्टर कलरची शीट गुंडाळायची नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, रंगावर बटर पेपर, बाहेरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि चारी बाजूंनी टेप. हाफ इम्पिरियल शीट म्हणजे 15 बाय 22 इंच, गर्दीच्या लोकलमध्ये ते दाराशी धरून उभं राहता येत नाही, सो सबमिशनच्या दिवशी दोन गाड्या आधीची पकडा. आणि डब्यात शिरल्या शिरल्या कुणाला तरी सांगा "ताई, चित्र आहे", जागा करून देतात.