ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसयूव्ही वापरताय? या चुका टाळा

ठाण्यात एसयूव्ही बुक करताना डोळ्यांसमोर गावाकडचा रस्ता असतो. गणपतीला कोकण, दिवाळीत नाशिक किंवा जुन्नरकडचं घर, मधल्या सीटवर आई-बाबा, मागे मुलं आणि डिकी गच्च भरलेली. गाडी दारात आली की मात्र वर्षातले बहुतेक दिवस ती कासारवडवलीहून शाळा, शाळेतून मार्केट, संध्याकाळी क्लास आणि मधे घोडबंदर रोड एवढ्यातच फिरते. आमच्या भागात सात सीटच्या गाड्यांच्या ज्या तक्रारी सतत कानावर येतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ या छोट्या फेऱ्यांत आहे. पिवळी लाइट लागणं, एव्हरेज पडणं, बॅटरी उतरणं, ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स तापणं, हे सगळं त्यातच आलं. लांब पल्ल्याला गाडी थकते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती नाक्यानाक्यावर थांबून जास्त झिजते.

डिझेल गाडी आणि चार किलोमीटरची शाळा

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ हा फिल्टर आला. धुरातली काजळी तो अडवून धरतो. ही काजळी साठत गेली की ती जाळून फिल्टर मोकळा करावा लागतो, आणि त्यासाठी आत साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जावं लागतं. गाडी हे काम आपणहून करते, त्याला रिजनरेशन म्हणतात. पण त्यासाठी इंजिन पुरतं गरम हवं आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालायला हवी. घरापासून शाळा चार किलोमीटरवर असेल तर इंजिन गरम होता होता तुम्ही गेटवर पोहोचता आणि गाडी बंद करता. जाळण्याचं काम सुरू होतं आणि अर्ध्यावर तुटतं. उद्या पुन्हा तेच.

रिजनरेशन चालू असल्याची चिन्हं ओळखायला शिका. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीच्या ७५०-८०० वरून हजारच्या आसपास जातो. तात्पुरतं एव्हरेज एकदम पडलेलं दिसतं. पार्किंगमध्ये बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो आणि तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. गाडीत बिघाड झाला असं समजून लोक घाबरतात आणि ती लगेच बंद करतात. नेमकं तेच करायचं नाही. वेळ असेल तर आणखी एक फेरी मारा, काम पूर्ण होऊ द्या.

डीपीएफची पिवळी लाइट लागली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी बाहेर काढा. सकाळी सहाच्या आत माजिवड्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने विक्रोळी-घाटकोपरकडे जाऊन परत या. नवी मुंबईकरांना अटल सेतू जवळ आहे, जवळपास २२ किलोमीटर एकही सिग्नल नाही. वेगमर्यादेत राहा, पण वरचा गिअर टाकून इंजिन झोपवू नका. एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या वर राहू द्या. बहुतेक वेळा लाइट तेवढ्यात जाते. आठ-दहा दिवसांतून एकदा अशी सलग फेरी झाली तर लाइट लागण्याची वेळच सहसा येत नाही.

लाइटकडे दुर्लक्ष करून पंधरा दिवस काढले तर पिकअप जातो, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन वाचवायला स्वतःची ताकद कमी करून रांगते, आणि मग सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून रिजनरेशन करून घ्यावं लागतं. त्यानेही भागलं नाही तर फिल्टर बदलायचा खर्च येतो, आणि तो चांगलाच मोठा असतो. अशा वेळी एखादा गॅरेजवाला फिल्टर काढून टाकायचा सल्ला देतो. ऐकू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या मुलांच्या नाकात तीच काजळी जाते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट बोनेटखाली होत असते आणि ती सहज लक्षात येत नाही. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. काम वारंवार अर्धवट राहिलं तर त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसते. ऑइल कमी झालं की आपण काळजी करतो, वाढलेलं पाहून मात्र निश्चिंत होतो. गाडी सपाट जागी उभी करून सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर सर्व्हिसची तारीख बघत बसू नका, ऑइल बदला. बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या. डीपीएफ असलेल्या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं, कारण काजळी जळते पण राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

माझं स्पष्ट मत असं आहे की रोजचा वापर पाच-सहा किलोमीटरचा असेल आणि हायवे महिन्यातून एकदाही होत नसेल, तर डिझेल एसयूव्ही घेऊ नये. पेट्रोल किंवा हायब्रिड घ्या. एव्हरेजमधला फरक सोसता येतो.

काही डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणाऱ्या डीईएफ या द्रवाची वेगळी टाकीही असते, निळ्या झाकणाची. त्यात पाणी आणि ३२.५ टक्के युरियाचं मिश्रण जातं. ते संपत आलं की गाडी आधी बरेच किलोमीटर सांगत राहते. शून्यावर गेलं की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. पंपावर घाईत ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं, तर चावी ऑनसुद्धा करू नका. टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

सर्व्हिस फक्त किलोमीटरवर मोजणं

‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ यातलं पहिलंच आपण वाचतो. घोडबंदरच्या गाडीला किलोमीटरचा हिशेब पुरत नाही. स्क्रीनवर सरासरी वेग बघा. तो १५ असेल तर १०,००० किलोमीटर होईपर्यंत इंजिन सुमारे ६६७ तास चाललेलं असतं. ५० च्या सरासरीने तेच अंतर २०० तासांत संपतं. ऑइलच्या दृष्टीने या दोन गाड्या सारख्या नाहीत. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, आपलं ट्रॅफिक त्यात बसतं. ते पान उघडून वाचा.

तुंबलेल्या पाण्यात ‘आपली गाडी उंच आहे’

एसयूव्ही घेतलेल्या माणसाचा पावसाळ्यातला आत्मविश्वास मला खरोखर काळजीत टाकतो. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर आहे याचा अर्थ गाडी कितीही पाण्यातून जाईल असा होत नाही. इंजिन हवा घेतं ती टपावरून नाही. बहुतेक गाड्यांत ती जागा बोनेटखाली, ग्रिलच्या मागे असते. पाणी तुम्हाला गुडघ्याखाली दिसतं, पण समोरून टीएमटीची बस आली की तिची लाट बोनेटवर चढते.

ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर असो की नवी मुंबईतले भुयारी रस्ते, पाणी किती वेळ राहणार हे पावसाइतकंच खाडीवर ठरतं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास किंवा खाली आहे, म्हणून तर तिथे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव बांधले. भरती चढलेली असताना पाणी बाहेर जाऊ शकत नाही, ते थांबून राहतं. जोराच्या पावसात घराबाहेर पडण्याआधी भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र येत असतील तर दोन तास थांबणं शहाणपणाचं.

जावंच लागलं तर पाणी चाकाच्या मधल्या भागापर्यंत, म्हणजे साधारण एक फुटापर्यंत असेल तरच जा. पहिला गिअर, संथ वेग, एक्सलरेटर सारखा. मधे थांबू नका, पुढची गाडी पार झाल्यावरच पाण्यात शिरा.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. हे घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं पाणी शिरलेलं इंजिन बऱ्याचदा वाचतं. सेल्फ मारलेलं इंजिन उघडावं लागतं. धक्का मारून सुरू करणंही तितकंच वाईट. गाडी ढकलून कोरड्या जागी आणा, फोटो काढा, टोइंग बोलवा. इन्शुरन्सच्या बेसिक पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान सहसा येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. खाडीकाठच्या शहरात राहणाऱ्याने ते मे महिन्यात तपासून घ्यावं. सोसायटीचं पार्किंग बेसमेंटमध्ये असेल तर नक्कीच.

पाण्यातून सुखरूप बाहेर आल्यावर रिकाम्या रस्त्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक मारून डिस्क कोरड्या करा. पुढच्या आठवड्यात चाकातून घूं-घूं आवाज यायला लागला तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय असं समजा. फोर बाय फोर गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं, ऑइल बघायला सांगा. ते दुधाळ दिसलं तर बदला.

गायमुखच्या चढावर

घाटात कंटेनर अडकलेले, गाडी इंच इंच सरकते आहे. अशा वेळी ड्युअल क्लच (आत दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची गाडी काही जण ब्रेक न दाबता, एक्सलरेटरवर हलकासा पाय ठेवून चढावर धरून ठेवतात. त्यात क्लच सतत घासत राहतो, स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो. पूर्ण ब्रेक दाबा किंवा ऑटो होल्ड वापरा, तो थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपणहून धरून ठेवतो. पुढे एका गाडीइतकी जागा होऊ द्या आणि मग एकदाच नीट पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. इशारा आलाच तर कडेला घेऊन इंजिन चालू ठेवा, पार्कमध्ये टाका आणि थोडा वेळ थांबा. मॅन्युअल गाडीत हीच चूक हाफ क्लचवर होते. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये ताकद क्लचऐवजी तेलातून पोहोचते, तिला हा त्रास फारसा नसतो. ठाण्यात राहून ऑटोमॅटिक निवडायची असेल तर मी तोच गिअरबॉक्स निवडेन.

माळशेज किंवा कसारा घाट उतरताना सात माणसांची भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरा. न्यूट्रल तर अजिबात नको. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून गार होऊ द्या, वरून पाणी ओतू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी चाललेली असो.

टायरमधली हवा कमी करणं

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात आहे, त्यामुळे ठाण्याहून निघालेली गाडी तासाभराच्या आत काँक्रीटवर शंभरच्या पुढे पळते. या रस्त्यावर जाण्याआधी ‘टायर गरम होऊन हवा वाढेल’ म्हणून पंपावर दोन-तीन पीएसआय कमी करून घेणारे अनेक आहेत. याचा परिणाम उलटा होतो. कमी हवेचा टायर कडांना जास्त दबतो आणि म्हणून जास्त तापतो. फुटण्याची शक्यता त्याचीच अधिक. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतं, त्यावर दोन माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. सातही सीट भरणार असाल तर दुसरा आकडा. मोजायची ती थंड टायरवर, सकाळी घराजवळच्या पंपावर. स्टेपनीही मोजा, आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर कडक होतो आणि पावसात घसरतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सनरूफ असेल तर जूनआधी त्याच्या कोपऱ्यांतली भोकं साफ करा. झाडाखाली लावलेल्या गाडीत पानांचा कचरा तिथे अडकतो आणि पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका, आतली नळी निसटते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका, तिला त्याच प्रकारची लागते. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी, सतत १२.४ च्या खाली असेल तर डॅशकॅमचं कनेक्शन तपासा. पोडियम पार्किंगमध्ये उंदीर असतील तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडा, आणि गाडीत खाऊचे तुकडे ठेवू नका. पावसात काचेवर वाफ धरली तर एसी बंद करून फडक्याने पुसत बसू नका, एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्या.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर ‘आवाज येतो’ एवढंच सांगून चावी देऊ नका. कधी येतो ते सांगा: थंड इंजिनावर की गरम, वळताना की ब्रेक मारताना, कोणत्या वेगाला. लाइट लागली तेव्हाचा फोटो दाखवा. आवाज असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. जॉबकार्डवर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि गाडी परत घेताना काढलेले जुने पार्ट मागा.